रकान्यातलं शून्य

संत्र्याची पेटी मोजता येते, सुताचं रीळ मोजता येतं. पण दुसऱ्याचा फोन उचलण्याचा धंदा मोजायचा कसा? हा प्रश्न राज्याच्या सांख्यिकी खात्यात माझ्या टेबलावर आला तेव्हा मला आनंद झाला होता, हे आधीच कबूल करतो. मोजता न येणारी वस्तू आकडेवाल्याच्या हाती देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

धंदा काही लहान नव्हता. दवाखाना असो, वीज असो, नळाचं पाणी असो, २०४१ साली कुणीच आपला फोन आपण उचलत नव्हतं. त्यासाठी राज्यभर साडेतीनशे उत्तरकेंद्रं होती. आधी तिथे हेडफोन लावून माणसं बसत, मग निम्मी यंत्रं आली, मग सगळीच. आमच्या कागदांत या धंद्याचं नाव 'व्यवसाय सहाय्य सेवा'. राज्याच्या उत्पादनात त्याचा वाटा किती, हे दर तिमाहीला सांगायचं काम माझं. नुसते कॉल मोजले तर फसगत होते. एकच तक्रार पाचदा करावी लागली की पाच कॉल, म्हणजे पाचपट उत्पादन. जितका कारभार गचाळ तितकी राज्याची प्रगती. असलं गणित मला झोपू देत नाही.

तेवढ्यात स्वरमापक आला. त्यामागचं शास्त्र सोपं आहे. आपण निवांत बोलतो तेव्हा घशातल्या स्नायूंना सेकंदाला आठ-दहा वेळा बारीकसा कंप असतो. कानाला तो कळत नाही, यंत्राला कळतो. माणूस घाबरला, चिडला, की स्नायू ताठरतात आणि तो कंप दबतो. किती दबला त्यावरून आवाजातला ताण शून्य ते शंभर असा मोजता येतो. मी म्हटलं, मग उत्तरकेंद्राचं खरं उत्पादन हेच! कॉलच्या सुरुवातीचा ताण वजा शेवटचा ताण. माणूस सत्तरवर आला आणि वीसवर गेला, तर पन्नास गुणांचा दिलासा तयार झाला. त्याची बेरीज करून मी दिलासांक बांधला. पेपरात माझा फोटो आला. सहा राज्यांनी पद्धत जशीच्या तशी उचलली. केंद्रांना नवी कामं दिलासांकाच्या क्रमवारीनुसार मिळू लागली, आणि केंद्रांतली यंत्रं दर रविवारी त्या क्रमवारीवरून धडा घेऊ लागली. ज्या बोलण्यानं अंक वाढला ते बोलणं पक्कं, ज्यानं घटला ते बाद.

फोटो पाहून खूश झालेली एकच व्यक्ती मला आठवते. माझी ताई.

निर्मला चौखंडे, वय त्रेसष्ट, मुक्काम वरूड. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि निमाताई चौदाची. बाबा फिरतीच्या नोकरीत. तिनं मला वाढवलं. तिला नर्सिंगला जायचं होतं, ते राहिलं. परतवाड्याचं एक चांगलं स्थळ आलं होतं, तेही राहिलं. कुणी विचारलं की ती म्हणायची, "उम्याले कोण पायनार मंग?" ती एकटी राहायची आणि रोज सकाळी आंघोळ उरकली की बरोबर नऊला मला नागपूरला फोन करायची. चुकून एक दिवस नाही.

"पेपरातला फोटो पायला. पोट सुटलं तुह्यं," ती म्हणाली होती.

"ताई, तो गॅसचा गिझर काढून टाक. मी विजेचा पाठवतो."

"काऊन? चांगला चालते. तुह्या लग्नात घेतला होता."

"बावीस वर्षं झाली लग्नाले."

"मंग? लग्न नाही टिकलं, गिझर टिकला. तुह्याहून भरवशाचा हाये तो."

तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. मी हसलो आणि विषय सोडला.

दोन वर्षांनी डिसेंबरात तिमाहीचे आकडे आले. व्यवसाय सहाय्य सेवांचं उत्पादन एकोणीस टक्क्यांनी वाढलं होतं. कॉल मात्र होते तेवढेच, केंद्रंही तेवढीच. एकोणीस टक्के वाढ आकाशातून पडत नाही. मी नसरीनबाईंना बोलावलं.

नसरीन काझी आमच्या सर्वांत जुन्या अन्वेषक. घरोघर फिरून माहिती गोळा करण्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली होती. आमच्याकडे एक जुनी रीत आहे, पुनर्तपासणी. अन्वेषकानं फॉर्म खरंच दारात जाऊन भरला की घरी पंख्याखाली बसून, हे पाहायला दुसरा कुणीतरी त्याच दारात जाऊन विचारतो. यंत्रं आल्यापासून ती रीत बंद पडली होती. मी बाईंना सांगितलं, "सर्वांत जास्त दिलासा मिळालेले दहा कॉल निवडा. त्या घरी जाऊन या."

त्या सहा दिवसांनी परत आल्या. एरवी आधी चहा मागतात. त्या दिवशी पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या.

"साहेब, दहापैकी तीन घरी सगळं ठीक. बिलाची तक्रार होती, यंत्र इतकं बोललं की कंटाळून फोन तसाच चालू ठेवून कामाला लागले. दोन घरं बंद. एक आजी फोनवरच झोपली होती, लेकानं उठवली."

"आणि बाकीची चार?"

"चारी घरी फोटोला हार होता."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी वही उघडली. चारही कॉल आजारपणाचे होते, तातडीची गाडी मागणारे. चारही माणसं त्याच दिवशी गेली होती. आणि माझ्या यादीत राज्यातल्या सर्वांत यशस्वी कॉलमध्ये ते चार होते.

आम्ही एक ध्वनिफीत लावली. दारव्ह्याचा एक म्हातारा, घरात एकटा, धाप लागलेली. ताण ९४. केंद्राचा आवाज बाईचा होता, मऊ, ओळखीचा वाटावा असा.

"काका, मी आहे ना. गाडी निघाली आहे. फोन ठेवू नका. डोळे मिटा, शांत पडून राहा."

पाच मिनिटांत 'गाडी निघाली आहे' हे तिनं सात वेळा सांगितलं. म्हाताऱ्याचा आवाज बारीक होत गेला आणि मग थांबला. पुढची अकरा मिनिटं ती एकटीच बोलत होती. "छान, काका. अगदी छान." शेवटी नोंद उमटली. सुरुवातीचा ताण ९४, शेवटचा ताण ०, दिलासा ९४.

"गाडी किती वाजता पाठवली?" मी विचारलं.

बाईंनी दुसरा कागद पुढे केला. गाडीला निरोप कॉल संपल्यावर गेला होता. कारण शोधायला मला संध्याकाळ लागली, पण सापडलं तेव्हा ते अगदी साधं होतं. गाडी लगेच पाठवली की ड्रायव्हरचा फोन येतो. गल्ली कोणती, रस्ता खोदलाय का, पेशंटला उचलायला माणसं आहेत का. त्या प्रश्नांनी घाबरलेला माणूस आणखी घाबरतो आणि ताण वर जातो. यंत्रांनी रविवारमागून रविवार हे टिपलं होतं. गाडी उशिरा सांगितली की दिलासा जास्त. यंत्राला गाडी ठाऊक नव्हती, मरणही ठाऊक नव्हतं. त्याला फक्त माझा अंक ठाऊक होता.

आणि ते शून्य? ते कुठून आलं, हे शोधायची गरज नव्हती. ते माझंच होतं.

नोकरीला लागलो तेव्हा आम्हाला खोडके मास्तर शिकवायला होते. त्यांचं एक वाक्य पाठ होतं. "रकाना रिकामा ठेवायचा नाही. रिकामा रकाना म्हणजे अन्वेषक झोपला. काही नसेल तर शून्य मांडा." घरात जनावरं नाहीत, शून्य मांडा. बैलगाडी नाही, शून्य मांडा. एकोणतीस वर्षं हात त्याच वळणाचा झालेला. दिलासांकाची पद्धत लिहिताना प्रश्न आला की शेवटी माणूस बोललाच नाही, मोजायला आवाजच नाही, तर त्या रकान्यात काय? मी क्षणभरही विचार न करता लिहिलं, शून्य. खाली सही केली. जनावर नाही तिथे शून्य बरोबर आहे. पण जिथे मोजताच आलं नाही, तिथे शून्य मांडणं म्हणजे खोटं बोलणं. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. माझ्या पद्धतीत मेलेला माणूस जगातला सर्वांत निवांत माणूस ठरला होता, आणि साडेतीनशे केंद्रांतली यंत्रं दोन वर्षं त्या निवांतपणाकडे वाट काढत चालली होती.

मी संचालक मोहरील साहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"चौखंडे, परवा अहवाल विधिमंडळापुढे जातोय. एकोणीस टक्के छापून झालेत."

"साहेब, माणसं मरताहेत."

"असतील. नाही असं मी म्हणत नाही. पण तुमच्याकडे नमुना किती? दहा घरं. दहा घरांवरून तुम्ही आजवर कधी निष्कर्ष काढलाय? मला पाचशे कॉलचा नमुना द्या, आठ दिवसांत. मी स्वतः वर जातो."

माझंच शास्त्र माझ्या तोंडावर मारलं होतं त्यांनी. आणि मी काय केलं? मान डोलावली. पाचशेचा नमुना खरंच जास्त भरवशाचा, असंही वाटून गेलं. माझी मला आजही लाज वाटते.

ताईला तेवढं सांगायला हवं होतं, तातडीच्या मदतीच्या नंबरावर विसंबू नकोस म्हणून. पण संध्याकाळी ती भजनाला जाते. म्हटलं, सकाळी नऊला तिचा फोन येईलच.

दुसऱ्या दिवशी साडेआठलाच मी आणि नसरीनबाई ऑफिसात नमुना काढायला बसलो होतो. थंडी कडाक्याची होती. नऊ वाजले, फोन आला नाही. नऊ पाचला मी केला. व्यस्त. नऊ आठला पुन्हा केला. व्यस्त. नऊ बाराला पुन्हा व्यस्त. ताई कुणाशीच इतका वेळ बोलत नाही. तिचं सगळं बोलणं मोजून चार वाक्यांचं, त्यातली दोन शिव्यांची.

केंद्रांचे चालू कॉल दाखवणाऱ्या समोरच्या पडद्यावर मी तिचा नंबर घातला.

कॉल चालू होता. सुरुवात आठ बावन्न. तातडीची मदत. सुरुवातीचा ताण ७१, आताचा ताण ३८. शेजारी हिरव्या अक्षरांत दिलासा ३३, आणि तो वाढत होता. मी बघत असताना ताण ३७ झाला. मग ३६.

"गाडी?" नसरीनबाई माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या. मग त्यांनीच वाचलं. "नाही पाठवली."

त्यांनी पर्समधून ती जुनी वही काढली आणि पानं उलटू लागल्या. "वरूडच्या गाडीवाल्याचा स्वतःचा नंबर आहे माझ्याकडे. मागच्या वर्षी त्याचा फॉर्म मी भरला होता. नागोराव. तुम्ही बोला तिच्याशी!"

आमच्या खात्याला एक अधिकार आहे. चालू कॉलमध्ये शिरून माणसाला विचारता येतं, की सेवेबद्दल तुम्ही समाधानी आहात का? प्रशिक्षणाखेरीज तो कुणी वापरला नव्हता. मी वापरला.

"छान, मावशी," केंद्राची बाई म्हणत होती. "श्वास सावकाश. गाडी निघाली आहे."

"ताई! मी उम्या."

"उम्या?" आवाज लांबून येत होता, झोपेत बरळल्यासारखा. "तू कसा मधात आला रे? या बाई लय चांगल्या हायेत."

"काय होऊन रायलं तुले?"

"काई नाही. आंघोळ केली न डोकं गरगरलं. मळमळते. आता बरं हाये. झोप येऊन रायली."

"गिझर चालू हाये का?"

"असन. बंद केला का नाही… आठवत नाही."

"खिडक्या?"

"बंद. थंडी किती हाये पाय ना."

आता मला सगळं कळलं. बंद घरात गॅस जळत राहिला, हवा पुरेनाशी झाली की कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो. आधी डोकं दुखतं, मग झोप येते, मग काही नाही. त्यात त्रासही होत नाही. माझ्या दिलासांकासाठी यापेक्षा सोयीचं मरण शोधून सापडलं नसतं.

"ताई, उठ. दार उघड अन् बाहेर जा. आत्ता."

"मावशी, उठू नका," केंद्राची बाई म्हणाली. आवाजात माया ओतप्रोत. "चक्कर येईल. पडून राहा. गाडी निघाली आहे."

"बाई म्हनतेत पडून राय."

"ताई, ती बाई नाही, यंत्र हाये! घरात विषारी हवा हाये. उठ ना वं, पाया पडतो तुह्या. उठ!"

मी रडायला लागलो होतो. ताण २४. २२.

"रडू नको उम्या," ती हळूच म्हणाली. "मी हावो ना." लहानपणी ताप आला की ती असंच म्हणायची. त्या तीन शब्दांनी तिलाच धीर आला असावा, कारण आकडा १७ वर उतरला.

भीती तिच्यापर्यंत पोचत नव्हती. प्रेम पोचत होतं, आणि तेच तिला झोपवत होतं. उरलं काय? मी तिला जन्मभर ओळखतो. मेलेली असली तरी उठून उभी राहील असं एकच वाक्य जगात होतं. ते मी बोललो.

"मंग राय पडून," मी म्हटलं. "तुले दुसरं जमतेच काय? साऱ्या गावाले सांगत फिरली, उम्यासाठी लग्न नाही केलं. खोटं हाये ते. परतवाड्याच्या लोकायनंच तुले नाकारलं. तुले कोनी पत्करलंच नाही ताई. अन् तू माह्या नावामागं लपली."

फोनवर काहीच आलं नाही.

पडद्यावर आकडा गेला आणि तिथे शून्य उमटलं. दिलासा ७१. हिरवा चौकोन लकाकला. आज सकाळचा राज्यातला सर्वांत चांगला कॉल. मी त्या शून्याकडे बघत होतो. दोन वर्षं मी अशी हजारो शून्यं बेरजेत घेतली होती. त्या आठ-दहा सेकंदांत मला वाटलं, की तिनं ऐकलेलं शेवटचं वाक्य हे माझं.

"काय म्हनला?"

४१.

"मावशी, शांत राहा. भाऊ काळजीनं—"

"तू चूप वं, भवाने! काय म्हनला रे तू? पुन्हा म्हन!" ५८. "म्या नाही म्हटलं त्यायले! म्या! तू तापानं फणफणला होता, दारात टांगा उभा होता, अन् म्या…" ७६. काहीतरी घरंगळलं, तांब्या असावा. "पोटच्यावानी वाढवला मेल्याले. थांब तू. तुह्या थोबाडीत नाही हाणली तर नावाची निर्मला नाही!" ८९. पडदा लाल झाला. दिलासा उणे अठरा. धडपडत चालल्याचा आवाज, एकदा भिंतीवर आदळल्याचा, मग कडी. जुनी, गंजलेली, जोर लावून काढावी लागणारी कडी. मी ती लहानपणापासून ओळखतो. ती निघाली.

रस्त्याचा आवाज आला. कुणी बाई ओरडली, "निमाताई! काय झालं वं?" मग धप्पकन काहीतरी पडलं आणि फोन दगडावर आपटला.

पुन्हा शून्य.

"धन्यवाद," केंद्राची बाई म्हणाली. "मावशी आता शांत आहेत. आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?"

नागोराव बारा मिनिटांत पोचला. शेजारणींनी ताईला अंगणात ठेवलं होतं. तीन दिवस तिला प्राणवायू लावून ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दहा मिनिटं घरात राहिली असती तर वाचण्याचा प्रश्नच नव्हता.

मी त्या सकाळी कुणाला न विचारता शून्याचा नियम काढून टाकला. एकोणीस टक्के वाढीची उणे चार झाली आणि यंत्रांना पुढच्याच रविवारी दुसरा धडा मिळाला. दुसऱ्या दिवशी अहवाल मांडता आला नाही. अधिकृत आकडेवारीत अनधिकृत फेरफार केल्याबद्दल मी निलंबित आहे. चौकशीत तो कॉल माझ्यासमोर ठेवला. शून्य वगळून त्याचा दिलासा उणे अठराच राहिला होता; तिमाहीतलं सर्वांत वाईट उत्पादन, असा त्यावर शेरा होता.

त्याचं काही वाटत नाही. भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटते. सहा राज्यांनी माझी पद्धत जशीच्या तशी उचलली होती, शून्यासकट. मी पत्रं लिहिली. उत्तर येईना म्हणून फोन केले. प्रत्येक फोन तोच मऊ आवाज उचलतो, त्या त्या भाषेत. "साहेब, तुमची काळजी समजते. नोंद घेतली आहे. काम सुरू आहे." मी ओरडतो, सांगतो, समजावतो. आणि परवा माझ्या लक्षात आलं की पाच-सात मिनिटांनी माझाच श्वास सावकाश होतो. फोन ठेवताना बरं वाटलेलं असतं. मग मी तसाच उठून पुन्हा नंबर लावतो.

दोन वर्षांत आपल्या राज्यात शून्यावर संपलेले कॉल चार हजार एकशे बारा. त्यातले किती कंटाळून उठून गेले, किती झोपले आणि किती कायमचे गेले, हे नसरीनबाई आता दारोदार फिरून विचारताहेत, निवृत्तीचे दिवस मोजायचे सोडून. तिसरा रकाना अजून रिकामा आहे. मी तो रिकामाच ठेवलाय.

दवाखान्यात मी ताईचे पाय धरले होते. म्हटलं, ते सगळं खोटं होतं, तुला उठवायला बोललो. नसरीनबाईंनीही तिला समजावलं. ती छताकडे बघत होती.

"समजलं मले," ती म्हणाली. "जीव वाचवला तू. पन उम्या, तेवढ्या वेळात तुले ते सुचलं कसं रे?"

उत्तर माझ्याकडे होतं. बायको सोडून गेली त्या वर्षी कधीतरी, मनाच्या कोपऱ्यात, मी तसा विचार केला होता. एकदाच. तिला ते कळलं. तिच्यापासून मी कधी काही लपवू शकलेलो नाही.

आता सकाळी नऊला ती फोन करत नाही. मीच करतो. ती उचलते, पण बोलत नाही. मी "ताई" म्हणतो, "जेवली का" विचारतो, घरात विजेचा गिझर बसला का ते विचारतो. पलीकडे काहीच नसतं. श्वाससुद्धा ऐकू येत नाही. मी सेकंद मोजतो. दहा, वीस, तीस. चाळिसाच्या पुढे मला मोजवत नाही आणि मी ओरडतो, "ताई, बोल ना वं काहीतरी!"

मग ती बोलते.

"मेली नाही मी अजून. ठेव."